झाशीच्या आधी सोडायचं नाही

"आई, सोडा तिला. बस्स झालं."

"आत्ता कुठे ग्वाल्हेर आलंय."

"मी म्हणतेय, सोडा!"

"झाशीच्या आधी सोडायचं नाही. ठरलंय ना आपलं?"

"आपलं नाही, तुमचं ठरलंय. बघा तरी तिच्याकडे. श्वास कोंडलाय तिचा. निळी पडलीय पोर."

"निळी नाही, लाल झालीय. निळं मूल कसं दिसतं ते मी पाहिलंय, क्षिप्रा. तू जरा तिकडे हो, उजेड अडतोय."

क्षिप्रा तिकडे झाली नाही. सुहासिनीबाईंनी सुनेच्या सावलीतच काम चालू ठेवलं. मांडीवर पावणेदोन वर्षांची देविका. नातीचे पाय आजीच्या काखेत दाबलेले, डावा हात टॉवेलात गुंडाळलेला आणि उजवा हात आजीच्या हातात. भाजून बरा झालेला तळहात. त्यावरची नवी कातडी जांभळट आणि चकचकीत होती, आणि आतून कुणी दोरी ओढावी तशी ती बोटांना मुठीकडे खेचत होती. ती बोटं खोबरेल लावून मागे दाबायची, तळहात पांढरा पडेपर्यंत, आणि तशीच धरून ठेवायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. किती वेळ धरायची, ते घड्याळात बघायला मान वर करावी लागली असती, आणि मान वर केली की हात सैल पडायचा. म्हणून सुहासिनीबाई स्टेशनं म्हणायच्या. गोवा एक्स्प्रेसची, त्यांच्या माहेरच्या गाडीची. निजामुद्दीन, मथुरा, आग्रा, ग्वाल्हेर, झाशी. झाशीला बोट सोडायचं. मग गाडी परत निजामुद्दीनला, पुढच्या बोटासाठी.

"झाशी," त्या म्हणाल्या आणि करंगळी सोडली. करंगळी लगेच आत वळली, गोगलगायीसारखी.

"तुम्हाला काही वाटतं का हो?" क्षिप्रानं विचारलं. आवाज चढलेला नव्हता आता, म्हणून जास्त वाईट होता. "खरं सांगा. हे करताना काही म्हणजे काही वाटतं?"

सुहासिनीबाईंनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "आता अंगठा राहिला. पाय धर तिचे."

क्षिप्रा पाय न धरता स्वयंपाकघरात गेली. तिनं नळ सोडला. नळातून नुसती हवा आली, फुस्स करून, आणि ती त्या हवेसमोरच उभी राहिली.

*

सुहासिनी घारपुरे मूळच्या मिरजेच्या. पद्माकर घारपुरे केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात लागले आणि त्यांच्या मागोमाग त्या दिल्लीत आल्या. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांचा सगळा संसार झाला. वरच्या मजल्यावर तमिळ, शेजारी बंगाली, समोर गढवाली. हिंदी त्या भाजीवाल्याकडून शिकल्या, त्यामुळे जन्मभर त्यांच्या हिंदीत घासाघीस राहिली. डॉक्टरशी बोलल्या तरी वाटायचं, भाव करतायत.

त्यांना सगळी मराठी मंडळी ओळखायची ती हलव्यामुळे. संक्रांतीला बोरन्हाण करायचं, लहान मुलाला काळं झबलं घालायचं, अंगावर हलव्याचे दागिने घालायचे, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे. हे दागिने दिल्लीत कुठून आणणार? घारपुरेकाकूंकडून. मुकुट, हार, बाजूबंद, बासरी, सगळं त्यांच्या हातचं. हलवाही घरचा. शेगडीत निखाऱ्याची नुसती ऊब ठेवायची, वर परात, परातीत तीळ, आणि त्यावर चमच्याचमच्यानं साखरेचा पाक सोडत बोटांनी हलवत राहायचं. दिवसच्या दिवस. घाई केली की तीळ चिकटतात, आच वाढली की पिवळे पडतात. आणि काटा यायचा तर थंडी हवी.

"मुंबईला येतो तो काटा?" त्या म्हणायच्या. "तिकडे नुसते गोटे होतात. दिल्लीनं मला दुसरं काही दिलं नसेल, काटा दिला."

वर्षानुवर्षं तापल्या परातीत फिरून त्यांची बोटं जाड झाली होती. निखारा चिमटीत धरून शेगडीत सरकवायच्या. पाक बोटांवर सांडला तर तो तसाच आळू द्यायचा, मग अंगठीसारखा ओढून काढायचा, आणि आजूबाजूला एखादं पोर असेल तर त्याच्या तोंडात टाकायचा. पद्माकरराव पाहुण्यांना सांगत, "आमच्या हिच्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. सरकारला माहीत नाही म्हणून बरं. नाहीतर हिला हेरखात्यात घेतील."

क्षिप्रा दोन सेक्टर सोडून वाढलेली. तिच्या बोरन्हाणाचे दागिनेही काकूंनीच केलेले. मुलाचं, जयंताचं, तिच्याशी जमलं तेव्हा सुहासिनीबाई मांडवात सगळ्यांना सांगत फिरल्या, "मुलगी बघायला जायचं कारणच नव्हतं. मी तिला काळ्या झबल्यात पाहिलेलीच होती!"

*

पद्माकरराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि घारपुरे यमुनेपलीकडच्या एका नव्या सोसायटीत राहायला गेले. "जमनापार?" आर. के. पुरमची मंडळी म्हणाली. "व्हिसा लागतो म्हणे." तेव्हा तिकडे नुसत्या इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. रस्ते यायचे होते, झाडं यायची होती. जयंतानं सरकारी कंपनीतली नोकरी सोडून एका परदेशी कंपनीत उडी मारली होती, ती कंपनी वॉशिंग मशीन विकायची. घरात एक मशीन आलं. पाणी अजून आलं नव्हतं. पद्माकररावांनी त्यावर टेबलक्लॉथ घातला आणि वर्तमानपत्रं ठेवली. म्हणाले, "देश कसा पुढे जातोय बघा, पाण्याची वाटही बघत नाही."

पाणी टँकरनं यायचं. टँकरचा हॉर्न वाजला की चारही मजल्यांवरून पाईप खाली सुटायचे आणि भांडण सुरू व्हायचं.

क्षिप्रा कनॉट प्लेसला एका बँकेत नव्यानं लागली होती, लोकांना क्रेडिट कार्ड घ्यायला लावायच्या कामावर. सकाळी चार्टर्ड बसनं जायची ती अंधार पडल्यावर परत. देविका आजीकडे. पहिल्या संक्रांतीला ती अगदी तान्ही होती आणि तिला खोकला झाला होता, म्हणून बोरन्हाण राहिलं होतं. ते आता, ब्याण्णव सरून त्र्याण्णव लागल्यावर, दणक्यात करायचं होतं. नातीचे दागिने. सुहासिनीबाईंनी शेगडी बाल्कनीत मांडली, उन्हात. देविका चालायला लागली होती. ती दाराच्या चौकटीत बसून चुरमुरे खात होती.

त्या दिवशी पाक जरा पुढे गेला. सुहासिनीबाईंनी गॅसवरून पातेली उतरवून बाल्कनीत आणली, शेगडीच्या कडेला ठेवली, आणि टँकरचा हॉर्न वाजला. त्या उठून कठड्यावरून वाकल्या. "भैया, हमारा पाईप पहले! कल भी हमारा रह गया था!" चौकीदार खालून काहीतरी म्हणाला. त्यांनी त्याला उत्तर दिलं. एवढंच.

मागे वळल्या तेव्हा देविकाचा हात मनगटापर्यंत पातेलीत होता.

ती ओरडत नव्हती. तोंड उघडं होतं, आवाज आला नव्हता अजून. सुहासिनीबाईंनी तिला उचललं, आणि आवाज आला. पाक हातावर चढलेला, थंड हवेत बघता बघता आळलेला, काचेच्या मोज्यासारखा. आतून तो भाजतोय हे त्यांना दिसत होतं. त्यांनी तो काढला. स्वतःच्या बोटांवरून आयुष्यभर काढत आल्या होत्या तसाच, एका कडेनं धरून, ओढून.

कातडी त्याच्याबरोबर आली.

*

इस्पितळात ज्या डॉक्टरीणबाईंनी हात पहिल्यांदा पाहिला, त्या तरुण होत्या आणि फार दमलेल्या होत्या.

"यह छीला किसने?"

"मैंने."

"पानी डालना था, माताजी. चीनी है, घुल जाती. बस ठंडा पानी डालते रहना था."

"पानी टैंकर में था," सुहासिनीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि नर्सला सांगितलं, "इनको बिठाओ."

मुलांच्या वॉर्डात रुग्णाबरोबर एकच बाई थांबायची, असा नियम होता. पहिल्यांदा क्षिप्रा थांबली. पण ड्रेसिंगच्या वेळी ती पट्टी भिजवायला सुरुवात झाली की बाहेर जायची, आणि देविका दाराकडे बघत किंचाळायची. नर्स केरळच्या. त्या म्हणायच्या, "मत रो बेबी, हो गया, हो गया," आणि देविकाला हिंदी कळत नव्हतं. तिला फक्त घरची मराठी कळायची. शिवाय बँकेतून निरोप आला, नवीन नोकरी आहे, रजा अशी किती वाढवणार? तेव्हा क्षिप्रा घरी गेली आणि सुहासिनीबाई आल्या. सासू-सून जिन्यात भेटल्या. क्षिप्रानं पिशवी दिली, दूध कधी पिते ते सांगितलं, मोजे कुठल्या कप्प्यात आहेत ते सांगितलं. सासूच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. जिना उतरून गेली.

पद्माकरराव रोज दोन बस बदलून डबा आणायचे. पुरुषांना आत सोडत नसत. ते गेटवर उभे राहायचे, मफलर गुंडाळून. "मी आता गेटवरचा माणूस," ते म्हणायचे. "पहारेकरी मला सलाम करतो. त्याला वाटतं, मी पण ड्यूटीवर आहे."

"विनोद चांगला आहे," सुहासिनीबाई म्हणायच्या आणि डबा घेऊन वळायच्या.

वॉर्डात सगळी हिवाळ्यातली मुलं होती. कुणी पाणी तापवायच्या रॉडच्या बादलीत पडलेलं, कुणी अंगीठीवर, कुणावर चहा सांडलेला. शेजारच्या खाटेवर दिल्लीबाहेरच्या लोणीहून आलेला गुड्डू होता, तीन वर्षांचा. छातीपोटावर डाळ सांडली होती. पण तो सुधारत होता. बिस्किटं मागायचा. त्याची आई देविकाला बघून म्हणायची, "तुम्हारी का तो बस हाथ है अम्मा, शुकर करो," आणि सुहासिनीबाई म्हणायच्या, "हाँ, बस हाथ है." मग गुड्डूला ताप आला. सकाळी तो पाणी मागत होता. जेवणाची गाडी वॉर्डात आली तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते, मग नखं, मग सगळा तोच. पडदा ओढला. पडद्याच्या आत त्याची आई एकाच सुरात काहीतरी म्हणत राहिली, रडणं नव्हे, कुणाला हाक मारावी तसं.

"कल तो बिस्कुट खा रहा था," सुहासिनीबाई डॉक्टरांना म्हणाल्या.

"छोटे बच्चों में ऐसा होता है, माताजी. जलने से बच जाते हैं, फिर इन्फेक्शन ले जाता है." डॉक्टर हात धूत होत्या. "आपकी वाली को किसी को छूने मत देना. हाथ धोए बिना आप भी मत छूना."

सुहासिनीबाईंनी गुड्डूच्या आईला तिची चादर घडी करून दिली, तिचा स्टीलचा पेला विसळून पिशवीत ठेवला. तिला जिन्यापर्यंत सोडलं. परत येऊन डबा उघडला आणि जेवल्या. भाजीत मीठ कमी होतं. ते त्यांना कळलं. एवढंच कळलं, आणि ते कळल्याचं आश्चर्यही वाटलं नाही. त्या दिवसापासून असंच राहिलं. सगळं दिसायचं, ऐकू यायचं, जाड काचेपलीकडून यावं तसं. ड्रेसिंगच्या वेळी त्या देविकाला धरून बसायच्या आणि सपाट आवाजात सांगत राहायच्या, आता पट्टी भिजवतायत, आता एक थर निघाला, आता अजून एक आहे, तो दुखणार. "हो गया" कधी म्हणाल्या नाहीत. नर्सेस त्यांच्यावर खूश होत्या. "अम्मा बहुत स्ट्राँग है," म्हणायच्या.

देविकाच्याच मांडीची कातडी काढून तळहाताला लावली. ती तिथे रुजली. घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरांनी जयंताला आणि क्षिप्राला बोलावून घेतलं. सुहासिनीबाई देविकाला कडेवर घेऊन मागे उभ्या.

"हाथ बच गया," डॉक्टर म्हणाल्या. "अब खुलेगा कितना, यह मेरे हाथ में नहीं है. यह घर पर तय होगा. नई चमड़ी सिकुड़ती है. आप रोज नहीं खींचेंगे तो मुट्ठी बन जाएगी. फिर बच्ची मुट्ठी के साथ बड़ी होगी. रोएगी, चिल्लाएगी. जो माँ तरस खाके छोड़ देती है, उसके बच्चे का हाथ बंद हो जाता है. मैं हर साल देखती हूँ."

"मी करीन," क्षिप्रा म्हणाली. मराठीतच म्हणाली, पण डॉक्टरांना समजलं.

*

क्षिप्रानं केलं. दोन वेळा, तीन वेळा केलं. बोट धरायची, तोंड फिरवून घ्यायची, आणि देविका "आई" म्हणाली की हात आपोआप सुटायचा. मग ती तिला छातीशी घेऊन रडायची, दोघी रडायच्या, आणि तळहात बंद.

"तू मथुरेलाच उतरतेस," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"मग? माणूस आहे मी."

"माणूस आहेसच. पण गाडी पुढे जायला हवी ना? दे इकडे."

आणि मग ते त्यांच्याकडेच आलं. क्षिप्रा ऑफिसला गेल्यावर सकाळ-दुपार आणि ती परत आल्यावर संध्याकाळचं एक, तिच्यासमोर. त्यावरून रोज भांडण. रात्री हाताला प्लास्टरची पट्टी बांधायची, बोटं उघडी राहावीत म्हणून. दिवसा घट्ट शिवलेला कातडीच्या रंगाचा मोजा. उन्हाळ्यात वीज गेली की मोज्यात हात खाजायचा, देविका दातांनी मोजा ओढायची. आजी मोजा परत चढवायची.

खालच्या मजल्यावरच्या मिसेस चड्ढा एकदा वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"आंटीजी, बुरा मत मानना. बच्ची को कौन मारता है? हमारे यहाँ तक आवाज आती है. मेरे हस्बंड कह रहे थे, पुलिस को फोन कर दें."

"कोई नहीं मारता. हाथ खोलते हैं."

"हाथ?"

सुहासिनीबाईंनी देविकाला पुढे केलं, मोजा काढला. मिसेस चड्ढा बघून मागे सरकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर खीर पाठवली, आणि त्यानंतर कधी वर आल्या नाहीत.

देविका बोलायला उशिरा लागली. लागली तेव्हा आधी "आई" होतं, "बाबा" होतं, आणि मग एकदम "ग्वालेर" आलं. पद्माकरराव म्हणाले, "पोरगी रेल्वेत जाणार!" जयंता हसला. क्षिप्रा उठून आत गेली. तेलाची बाटली हातात दिसली की देविका पलंगाखाली शिरायची आणि तिथून ओरडायची, "आजी नको! आजी जा!" संध्याकाळी बसचा आवाज आला की ती दाराशी धावायची आणि आईच्या साडीत तोंड खुपसायची. क्षिप्रा रोज काहीतरी आणायची तिच्यासाठी, चॉकलेट, फुगा, नव्या दुकानातली बाहुली. आजीकडे देविका स्वतःहून कधी आली नाही. सुहासिनीबाईंना ते दिसत होतं. पलंगाखाली हात घालून त्या तिला पायाला धरून बाहेर काढायच्या आणि मांडी घालून बसायच्या.

पुढच्या संक्रांतीला आर. के. पुरमहून कुमुदिनीबाई आल्या, नातवाच्या दागिन्यांचं सांगायला. "सुहासिनी, अगं, तुझ्याशिवाय कोण करणार?"

"आता बाजारात मिळतो हलवा."

"बाजारातला! त्याला काटा असतो का?"

"नसला तर नसला," त्या म्हणाल्या. "चहा घेतेस ना?" शेगडी त्यांनी कधीच भंगारवाल्याला देऊन टाकली होती.

एकदा दोघंच घरी असताना पद्माकररावांनी विचारलं, "सुहास, तू माझ्यावर रागावलीयेस का?"

"नाही हो."

"मग स्वतःवर?"

"नाही."

"मग रडत तरी जा कधी. पूर्वी तू बातम्या ऐकून रडायचीस."

"येत नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आलं की रडेन." आणि त्यांना आंघोळीचं पाणी काढून द्यायला उठल्या. तोवर नळाला पाणी यायला लागलं होतं, सकाळ-संध्याकाळ.

*

देविका सव्वाचार वर्षांची झाली. शाळेच्या ॲडमिशनचे दिवस आले आणि त्याच हिवाळ्यात तपासणीला गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी, ज्या आता दमलेल्या कमी आणि मोठ्या जास्त दिसत होत्या, हात उलटसुलट करून पाहिला. अंगठा उघडत होता. पहिली दोन बोटं पूर्ण उघडत होती. अनामिका जवळजवळ. करंगळी तळहातात वाकलेली होती, तिच्या मुळाशी कातडीचा एक ताणलेला पडदा.

"बहुत अच्छा रिजल्ट है," त्या म्हणाल्या. "इतना मैंने सोचा नहीं था. किसने किया?"

सुहासिनीबाईंनी देविकाची बाही खाली ओढली.

"यह छोटी उँगली खोल सकते हैं. ऑपरेशन होगा, फिर से चमड़ी लगानी पड़ेगी, फिर वही खिंचाई, कई महीने. और देखिए, लगाई हुई चमड़ी बच्चे के साथ उतनी बढ़ती नहीं. हो सकता है आगे एक बार और करना पड़े. काम तो उसका चल रहा है. करना है, नहीं करना है, आप लोग सोच लीजिए."

सगळे घरी आले. चहा झाला. सुहासिनीबाई वर्तमानपत्र पसरून मटार सोलायला बसल्या. पद्माकरराव मदतीला बसले आणि सोलण्यापेक्षा जास्त खाऊ लागले. जयंता टाय सैल करून खुर्चीत. देविका जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती, डाव्या हातानं, उजव्या हाताच्या तीन बोटांनी कागद दाबून धरून.

"पुढच्या महिन्यात करून टाकू," सुहासिनीबाई म्हणाल्या. "थंडी आहे तोवर. उन्हाळ्यात मोजा सहन होत नाही तिला."

"काय करून टाकू?" क्षिप्रा म्हणाली.

"ऑपरेशन."

"नाही करायचं."

"अगं, शाळेत जाईल आता. मुलं विचारतील."

"विचारू देत. ती सांगेल, भाजलं होतं. खतम."

"आज चार मुलं विचारतील, उद्या चाळीस. पुढे लग्नाच्या वेळी…"

"आई, प्लीज! बिल्कुल नाही. लग्न कुठून आलं मध्येच? चार वर्षांची आहे ती."

"थांबा ना दोघी," जयंता म्हणाला. "डॉक्टर म्हणाल्यात सोचा. सोचू ना."

"तू काय सोचणार आहेस, जयंत? तू टूरवर असशील. इथे ओरडायला ती, ऐकायला मी."

"तुला काही ऐकावं लागणार नाही," सुहासिनीबाई म्हणाल्या. शेंगेच्या शिवणीवरून त्यांचा अंगठा फिरत होता. "वॉर्डात मी थांबेन. नंतरचंही मी करीन. मागच्या वेळी केलं तसंच. तू ऑफिसला जा."

"तेच तर!" क्षिप्रा म्हणाली. ती उठून त्यांच्यासमोर येऊन खाली बसली, वर्तमानपत्राच्या पलीकडे. "तुम्हाला थांबायचंय. तुम्हाला करायचंय. आई, ती कशाला अडलीय, सांगा मला. बटण लावते. चमचा धरते. सायकल चालवते. ते बोट तिला दिसतसुद्धा नाही. देविका, इकडे बघ. बेटा, तुझ्या हाताला काय झालंय?"

देविकानं मान वर करून हात पाहिला. "रंग लागलाय," ती म्हणाली आणि परत चित्रात शिरली.

"बघा," क्षिप्रा म्हणाली. "मी तुम्हाला नावं नाही ठेवत. तुम्ही नसता तर आज ती मूठ असती, मला माहीत आहे. मथुरेलाच उतरले असते मी. मान्य. पण आता हे एक बोट. परत वॉर्ड, परत मांडीची कातडी काढायची, परत तिला पलंगाखालून पायाला धरून ओढायचं. आत्ता कुठे ती तुमच्या ताटात जेवायला लागलीय."

"म्हणून ठेवायचं वाकडं?"

"मी एकच विचारते." क्षिप्राचा आवाज आता अगदी खाली आला होता. "ती करंगळी सरळ झाली तर कुणाला बरं वाटणार आहे? देविकाला? की तुम्हाला?"

"क्षिप्रा!" जयंता म्हणाला.

"नाही, सांगू देत त्यांना. आई, तुम्ही खोटं बोलत नाही. वॉर्डातही तिला कधी खोटं सांगितलं नाहीत, नर्स म्हणायच्या. तुम्ही फक्त म्हणा, देविकासाठी. एवढंच म्हणा. मी उद्या तारीख घेते. रजा टाकते. एक शब्द बोलणार नाही परत."

पद्माकररावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. देविकाचा खडू कागदावर खरखरत होता. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"म्हणा ना," क्षिप्रा म्हणाली.

सुहासिनीबाईंनी मांडीवरची सालं वर्तमानपत्रावर झटकली. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. देविकाच्या कागदावर पाय पडू नये म्हणून वळसा घालून दाराशी गेल्या, चपला घातल्या, आणि शाल न घेताच बाहेर पडल्या.